मनगटाचं लिगामेंट आणि ढिलं झालेलं मनगट: एक्स-रे, सी-आर्म, सीटी, एमआरआयवरच्या मोजमापाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात मनगटावर पडायला फार निमित्त लागत नाही. आंबा काढताना शिडी सरकते, पावसाळ्यात पाखाडीच्या शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय जातो, जेटीवर ओल्या दोरात पाय अडकून माणूस थेट तळहातावर येतो. पुढचे प्रश्न रुग्ण विचारतात, त्यांच्या घरचे विचारतात, तसेच तालुक्याचे डॉक्टर आणि एक्स-रे टेक्निशियनही विचारतात. म्हणून सगळे एकाच जागी ठेवले आहेत. ज्यांना अंश-मिलिमीटरमध्ये रस नाही त्यांनी मधला भाग सोडून पुढे जायला हरकत नाही.

फोटो काढला, "फ्रॅक्चर नाही" म्हणाले. दीड महिना झाला तरी मनगट दुखतंय. असं का?

"फ्रॅक्चर नाही" म्हणजे हाड तुटलेलं दिसलं नाही, एवढंच. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा, एक्स-रेवर दिसतच नाही. ते तुटलंय की नाही याचा अंदाज हाडांमधलं अंतर आणि हाडांचा कल यावरून बांधावा लागतो, आणि तोही फोटो नीट घेतला असेल तरच.

दुखणं कुठे आहे ते आधी पाहा. मनगटाच्या मागच्या बाजूला, मधोमध, रेडियसच्या (कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणाऱ्या हाडाच्या) कडेपासून जेमतेम एक सेंटीमीटर बोटांकडे दाबलं की कळ येते का? हात टेकून जमिनीवरून उठताना, भरलेली कळशी उचलताना, नारळ खोवताना जोर जातो का? मूठ आवळली की कट्ट असा आवाज येऊन दुखतं का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना उत्तर "हो" असेल तर स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधल्या लिगामेंटचा संशय घ्यायलाच हवा, फोटो कितीही स्वच्छ असला तरी.

मनगट अस्थिर होतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत असतात. कोपराकडच्या ओळीत अंगठ्याच्या बाजूने स्कॅफॉइड, मध्ये ल्युनेट, करंगळीच्या बाजूला ट्रायक्वेट्रम. चौथं पिसिफॉर्म हे ट्रायक्वेट्रमवर बसलेलं. पहिल्या तिघांना कुठल्याही स्नायूचा टेंडन थेट चिकटलेला नाही. त्यांना धरून ठेवतात ती लिगामेंट्स आणि शेजारच्या हाडांचे आकार.

स्कॅफॉइडचा स्वभाव तळहाताकडे वाकण्याचा, ट्रायक्वेट्रमचा मागे जाण्याचा. मधलं ल्युनेट या दोघांच्या ओढाताणीत तोललेलं राहतं. स्कॅफोल्युनेट लिगामेंट तुटलं की स्कॅफॉइड एकटं पुढे वाकतं आणि ल्युनेट ट्रायक्वेट्रमबरोबर मागे कलंडतं. याला रिपोर्टमध्ये 'डिसी' (DISI) लिहितात. करंगळीकडचं ल्युनोट्रायक्वेट्रल लिगामेंट गेलं तर उलटं होतं, ल्युनेट स्कॅफॉइडबरोबर तळहाताकडे झुकतं. ते 'विसी' (VISI). ही नावं १९७२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लिन्शाइड, डॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी रूढ केली आणि अजून तीच चालतात.

एक बारीक पण कामाची गोष्ट. स्कॅफोल्युनेट लिगामेंट इंग्रजी 'सी' अक्षरासारखं असतं आणि त्याचा मागचा भाग सगळ्यांत मजबूत. ल्युनोट्रायक्वेट्रलमध्ये तळहाताकडचा भाग मजबूत. मधला पातळ पडदा वयाप्रमाणे झिजून त्याला भोक पडतं, आणि साठीच्या माणसात त्या भोकाला बहुतेक वेळा काहीच अर्थ नसतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं "टिअर" लिहून भागत नाही, कुठला भाग ते लिहिलेलं हवं.

दुखतोय उजवा हात, मग डाव्याचाही फोटो कशाला? बिल वाढवायला?

नाही. काही जणांचे सांधे जन्मतःच सैल असतात, त्यांच्या दोन्ही मनगटांत हाडांमधलं अंतर जास्त दिसतं आणि त्यांना काही त्रास नसतो. आकडा एकटा असेल तर फसवतो. उजव्यात ३.५ मिमी आणि डाव्यात १.५ असेल तर त्याला वजन आहे. दोन्हीकडे ३.५ असेल तर आधी माणसाचे बाकीचे सांधे तपासा: अंगठा मागे वळून हाताला टेकतो का, कोपर उलट्या बाजूला जातं का. दोन हातांतला फरक हा आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा आकडा आहे.

दुसरा हात पूर्वी कधी मोडला असेल तर ते आधी सांगा. तुलना मग तेवढ्यापुरती कच्ची धरावी लागते.

बांगड्या काढायलाच हव्यात का? प्लास्टरसकट फोटो चालेल का?

काढायलाच हव्यात. काचेची बांगडीसुद्धा एक्स-रेवर दिसते आणि हात खाली ठेवला की नेमकी मनगटाच्या हाडांवर येऊन बसते. पाटल्या, गोठ निघत नसतील तर साबणाचं पाणी, आणि तरीही नाही निघाले तर कोपराकडे जितके सरकतील तितके सरकवून चिकटपट्टी लावा. सुती धागा राहिला तरी चालतो, त्यात धातूचा मणी नसला म्हणजे झालं.

प्लास्टरमधून कोन मोजू नका. हाडांच्या कडा पुसट होतात आणि प्लास्टरने मनगट जरा वाकवून ठेवलेलं असतं, त्यामुळे आकडा येतो तो प्लास्टरच्या आकाराचा.

टेक्निशियनसाठी: समोरून घ्यायचा फोटो म्हणजे पीए व्ह्यू कसा घ्यावा?

रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवा. खांदा ९० अंश बाजूला, कोपर ९० अंश वाकलेलं, म्हणजे दंड, कोपर आणि मनगट एकाच पातळीत. खांदा खाली राहिला तर मनगट नकळत फिरतं. तळहात डिटेक्टरवर उपडा, मधलं बोट आणि त्याच्या तळव्यातलं हाड रेडियसच्या रेषेत. अंतर १०० सेंटीमीटर, ग्रिड नको, लहान फोकल स्पॉट, ५५ केव्हीच्या आसपास. किरण मनगटाच्या मध्यावर.

फोटो बरोबर आला की नाही हे दोन खुणांवरून कळतं. अल्नाचं (करंगळीकडच्या हाडाचं) टोक हाडाच्या अगदी बाहेरच्या कडेला, एका बाजूला दिसायला हवं. आणि तिसरं मेटाकार्पल, म्हणजे मधल्या बोटाचं तळव्यातलं हाड, रेडियसशी सरळ रेषेत हवं. ही दुसरी खूण चुकते तेव्हा फार घोळ होतो. हात अंगठ्याकडे झुकला असेल तर स्कॅफॉइड निरोगी मनगटातही पुढे वाकतं आणि त्यावर गोल कडं दिसू लागतं. हे कडं पाहून लिगामेंट तुटल्याचा शेरा मारलेले फोटो येतात, आणि नीट सरळ हाताने पुन्हा काढल्यावर कडं गायब होतं.

बाजूने घ्यायचा फोटो का सारखा परत मागतात?

कारण सगळे कोन त्यावरच मोजायचे असतात आणि तोच सगळ्यांत जास्त चुकतो. दंड शरीराला लागून, कोपर ९० अंश, करंगळीची बाजू खाली, अंगठा वर, तिसरं मेटाकार्पल आणि रेडियस एका रेषेत. मनगट मागे किंवा पुढे वाकलेलं नको. हाताच्या मागच्या बाजूला सपाट पट्टी टेकवून ठेवली तर रुग्णाला सरळ राहणं सोपं जातं.

तपासायची खूण पिसिफॉर्मची. बरोबर बाजूच्या फोटोत पिसिफॉर्मची तळहाताकडची कड ही स्कॅफॉइडच्या दूरच्या टोकाची कड आणि कॅपिटेटची (बोटांकडच्या ओळीतल्या मधल्या मोठ्या हाडाची) कड यांच्या मधोमध पडते. पिसिफॉर्म स्कॅफॉइडच्या पुढे तळहाताकडे सरकलं असेल तर हात जास्त उताणा झाला आहे, जरा उपडा करा. उलट स्कॅफॉइड पुढे आणि पिसिफॉर्म कॅपिटेटवर चढलेलं असेल तर हात उपडा झाला आहे, जरा उताणा करा. पाच-दहा अंशांची सुधारणा पुरते. पहिला चुकला तर दुसरा काढा, पण चुकलेल्यावर कोन मोजून लिहू नका.

स्कॅफॉइड आणि ल्युनेटमधलं अंतर कुठे मोजायचं आणि किती झालं की काळजीचं?

पीए फोटोवर दोन्ही हाडांच्या समोरासमोरच्या सपाट कडा जिथे समांतर दिसतात तिथे, सांध्याच्या मध्यावर. वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात मोजलं की आकडा हवा तसा निघतो.

२ मिमीपर्यंत साधारण. ३ च्या पुढे संशय, विशेषतः दुसऱ्या हातात तेवढं नसेल तर. ५ किंवा त्याहून जास्त आणि दुखणंही तिथेच असेल तर फार वाद उरत नाही. मधल्या आकड्यांवर भांडत बसण्यापेक्षा ताण देऊन फोटो घ्यावा, त्याबद्दल पुढे आहे.

समांतर कडा दिसतच नसतील, एकावर एक चढलेल्या असतील, तर तो सांधा किरणांना तिरका बसलाय. ट्यूब अल्नाकडून रेडियसकडे साधारण १० अंश झुकवली किंवा अंगठ्याची बाजू खाली पाचर ठेवून उचलली की सांधा उघडा दिसतो.

फसवणाऱ्या दोन गोष्टी. ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम काहींमध्ये जन्मापासून जोडलेली असतात आणि त्यांच्यात स्कॅफोल्युनेट फट मोठी दिसू शकते. आणि वय झालेल्या माणसात सांध्यात चुन्यासारखे खडे साठून लिगामेंट हळूहळू खराब होतं, त्यात कुठे पडल्याची गोष्टच नसते. ट्रायक्वेट्रमच्या बाजूला कूर्चेत पांढरी रेघ दिसली तर हे लक्षात घ्या.

कोन कसे काढायचे? एका रिपोर्टमध्ये ६२ अंश, दुसऱ्यात ७०. खरं कुठलं?

तीन रेषा पुरतात. स्कॅफॉइडची रेषा त्याच्या तळहाताकडच्या कडेला, जवळचा आणि दूरचा फुगवटा जोडणारी. हाडाच्या मध्यातून अक्ष काढण्यापेक्षा ही रेषा दोन माणसांची सारखी येते. ल्युनेटसाठी त्याच्या चंद्रकोरीची पुढची आणि मागची टोकं जोडा आणि त्या रेषेला लंब टाका. कॅपिटेटला त्याच्या मध्यातून अक्ष, किंवा तो नीट दिसत नसेल तर तिसऱ्या मेटाकार्पलच्या मागच्या कडेला समांतर.

स्कॅफोल्युनेट कोन साधारण ३० ते ६० अंश, सरासरी ४६-४७. ६० ते ७० संशयाचा पट्टा. ७० च्या पुढे आणि ल्युनेट मागे १५ अंशांहून जास्त कललेलं असेल तर डिसी. ३० च्या खाली आणि ल्युनेट तळहाताकडे झुकलेलं असेल तर विसी. कॅपिटेट आणि ल्युनेटमधला कोन सरळ मनगटात शून्याच्या आसपास असतो, ३० च्या पुढे गेला तर तो बिघडलेला धरा.

आता ६२ आणि ७०. एकच फोटो दोन जणांनी मोजला तर पाच-सात अंश इकडेतिकडे होतात, त्यात नवल नाही. दोन वेगळे फोटो असतील आणि एकात मनगट थोडं वाकलेलं असेल तर फरक आणखी वाढतो. म्हणून आधी दोन्ही फोटोंतलं पिसिफॉर्म पाहा, मग आकड्याकडे वळा. शस्त्रक्रियेचा निर्णय आठ अंशांवर कुणी घेत नाही, आणि घेऊ नये.

डिसी दिसली म्हणजे लिगामेंटच तुटलं असंही नाही. रेडियस जुना मोडलेला आणि मागे कलून जुळलेला असेल तर ल्युनेट त्यामागोमाग कलतं. स्कॅफॉइड मोडून न जुळता वाकून राहिला असेल तरी डिसी येते, लिगामेंट शाबूत असताना. रेडियसचा कल आणि स्कॅफॉइडची अखंडता पाहिल्याशिवाय कोनाचा अर्थ लावू नका.

फिल्मवर पट्टी ठेवून मोजलं तर चालेल का? आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर?

छापील फिल्मवर पट्टी ठेवू नका. डिजिटल मशीनवरून फिल्म छापताना एका फिल्मवर दोन-चार चित्रं बसवण्यासाठी ती लहान केलेली असतात. फिल्मवरचे ३ मिमी खऱ्या मनगटात ४-५ असू शकतात. कोपऱ्यात मोजपट्टी छापली असेल तर तिच्याशी ताडून पाहा. नसेल तर मूळ फाइल मागा: सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम स्वरूपात. मोफत डायकॉम व्ह्यूअरमध्ये मिलिमीटर बरोबर येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना दोन गोष्टी. फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून, फोन तिला अगदी समोर धरून फोटो घ्या. तिरका घेतला तर कोनसुद्धा बदलतो. समोरून घेतला असेल तर कोन ठीक मोजता येतात, अंतरं मात्र नाही. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर दाबून लहान होत नाही.

डॉक्टरांना अंतर हवंच असेल आणि डायकॉम मिळणार नसेल तर साधा उपाय आहे. फोटो घेताना दहा रुपयांचं नाणं मनगटाच्या शेजारी, मनगटाच्या मध्याच्या उंचीला फोमच्या तुकड्यावर आडवं ठेवा. त्याचा व्यास २७ मिमी, सगळ्या दहाच्या नाण्यांचा सारखा. मग फिल्म कितीही लहान छापली तरी प्रमाण काढता येतं. एक-दोन रुपयांची नाणी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मापांची निघाली आहेत, ती नकोत.

साध्या फोटोत सगळं ठीक आहे, पण रुग्ण म्हणतो जोर लावला की दुखतं. पुढे काय?

जोर लावून फोटो घ्या. सुरुवातीच्या अवस्थेत हाडं विश्रांतीत जागेवर असतात, ताण आला की विस्कटतात. यासाठी आता दोन्ही हातांनी पेन्सिल धरून घ्यायचा फोटो जास्त उपयोगी पडतो: दोन्ही मनगटं एकाच डिटेक्टरवर शेजारी शेजारी उपडी, दोन्ही मुठींत एकच पेन्सिल आडवी, टेबलाला समांतर, मुठी एकमेकींना टेकलेल्या, किरण दोन मनगटांच्या मध्ये. मूठ अर्धवट वळली तर फोटो वाया. "आवळा, अजून आवळा, धरून ठेवा" असं म्हणत तीन सेकंदांनी बटण दाबा. मूठ आवळली की कॅपिटेट कोपराकडे दाबला जातो आणि स्कॅफॉइड-ल्युनेटमध्ये घुसू पाहतो, फट उघडते.

दुखण्यामुळे रुग्णाला मूठच आवळता येत नसेल तर फोटो नॉर्मल आला म्हणून सुटका नाही. रिपोर्टवर "पूर्ण जोर लावता आला नाही" असं लिहा. याशिवाय मनगट करंगळीकडे झुकवून आणि अंगठ्याकडे झुकवून एकेक फोटो घ्या.

एमआरआयसाठी कोल्हापूर किंवा गोव्याला जायच्या आधी इथेच काही करता येईल का?

येईल, आणि बहुतेकदा विसरलं जातं. हाडांच्या ज्या दवाखान्यात शस्त्रक्रियेसाठी सी-आर्म (हलतं चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) आहे तिथे हलतं मनगट थेट पाहता येतं. हात समोरून ठेवून सावकाश अंगठ्याकडून करंगळीकडे न्यायचा, मग बाजूने ठेवून वाकवायचा आणि मागे न्यायचा, मग मूठ. प्रत्येक हालचाल दोनदा, दोन्ही हातांची. एकंदर किरण मिनिटभराच्या आत आटपतात. चालवणाऱ्याने आणि रुग्णाने लेड एप्रन घालायचा, आणि हालचाल रुग्णाने स्वतः करायची, कुणाचा हात किरणात नको.

निरोगी मनगटात हात करंगळीकडे गेला की वरची म्हणजे कोपराकडची ओळ एकत्र मागे उठते, अंगठ्याकडे आला की एकत्र पुढे वाकते. सगळं गुळगुळीत. स्कॅफोल्युनेट तुटलं असेल तर स्कॅफॉइड हलतं आणि ल्युनेट मागे राहतं, दोघांमध्ये फट उघडते-मिटते. दोन ओळींमधला सांधा ढिला असेल तर वरची ओळ आधी पुढेच वाकून राहते आणि करंगळीच्या टोकाला जाताना एकदम झटका घेऊन मागे जाते. रुग्णाला जो कट्ट ऐकू येतो तो नेमका त्या क्षणाचा. हे स्थिर फोटोत कधीच पकडता येत नाही, म्हणून क्लिप सेव्ह करून रुग्णाला द्या.

एमआरआय कसला करायचा? १.५ टेस्ला चालेल का?

टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. ३ टेस्ला मिळालं तर उत्तम. पण १.५ वर मनगटाची खास कॉइल लावून नीट काढलेलं चित्र हे ३ वर गुडघ्याच्या कॉइलमध्ये घाईने काढलेल्यापेक्षा बरं. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: "मनगटाची कॉइल आहे का?" लिगामेंट मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचं असतं. काप २ मिमी किंवा त्याहून पातळ आणि चित्राचं क्षेत्र ८ ते १० सेंटीमीटर हवं, फॅट दाबलेला प्रोटॉन डेन्सिटी क्रम, समोरून आणि आडवे काप दोन्ही. मजबूत मागचा भाग आडव्या कापातच नीट कळतो, आणि नेमका तोच क्रम वेळ वाचवायला वगळला जातो.

संपूर्ण तुटलेलं लिगामेंट एमआरआयवर चांगलं सापडतं, अर्धवट फाटलेलं बऱ्याचदा निसटतं. म्हणून "लिगामेंट ठीक" असा रिपोर्ट आणि पेन्सिलच्या फोटोत फट, असा विरोध आला तर फटीवर विश्वास ठेवा.

एमआरआयवर कोन मोजण्याची घाई नको. पालथं झोपून हात डोक्यावर ताणलेला असतो, मनगट करंगळीकडे झुकलेलं असतं आणि निरोगी ल्युनेटही मागे कललेलं दिसतं.

बोटीच्या इंजिनवर किंवा ग्राइंडर-वेल्डिंगवर काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे आधी सांगावं. शंका असेल तर डोळ्यांचा साधा एक्स-रे आधी काढतात.

सांध्यात डाय टाकून एमआरआय किंवा सीटी करायला सांगितलंय. गरज आहे का?

साध्या एमआरआयने निकाल लागत नसेल आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर आहे. रेडियस आणि वरच्या ओळीमधल्या सांध्यात ३-४ मिली द्रव सोडतात. तो लिगामेंटमधून दोन ओळींमधल्या सांध्यात गळला तर भोक आहे. एमआरआयसाठी गॅडोलिनियम सुमारे २०० पटीने पातळ करून, सीटीसाठी आयोडीनचा डाय. त्यानंतर एक दिवस मनगट जड वाटतं. आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी सांगायची. पण वयस्कर माणसात पडद्यातल्या बिनकामाच्या भोकातूनही द्रव गळतो, हे वर आलंच आहे.

करंगळीकडे दुखतंय आणि हात पालथा-उताणा करताना अल्ना वर येते. त्याचं मोजमाप वेगळं का?

तो रेडियस आणि अल्नामधला खालचा सांधा, वेगळा. त्याला धरणारा तंतुकूर्चेचा त्रिकोण फाटला की अल्नाचं डोकं मागे उचलतं. बाजूचा एक्स-रे यासाठी भरवशाचा नाही, हात दहा अंश फिरला तरी अल्ना उगाच वर किंवा खाली दिसते. इथे सीटी करा: पालथं झोपून दोन्ही हात एकत्र डोक्यावर, आधी पूर्ण उपडे, मग मधल्या स्थितीत, मग पूर्ण उताणे. १ मिमी किंवा पातळ काप, फक्त सांध्यापुरते. तिन्ही स्थितींत दोन्ही बाजूंची तुलना करा. अल्नाचं डोकं रेडियसच्या खाचेत किती बसलंय हे पाहिलं की बहुतेक वेळा सूत्राची गरज पडत नाही.

सोनोग्राफीने काम भागेल का?

हात बसलेल्या माणसाने केली तर स्कॅफोल्युनेटचा मागचा भाग दिसतो आणि मूठ आवळताना फट वाढते का तेही पाहता येतं. आतला पडदा आणि तळहाताकडचा भाग दिसणं कठीण. गँग्लियनची गाठ शोधायला मात्र उत्तम.

मुलाचा फोटो पाहिला, फट मोठी दिसते. लिगामेंट तुटलंय का?

दहा-बारा वर्षांपर्यंत हाडांचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. म्हणून फट मोठी वाटते. दुसऱ्या हाताशी ताडून पाहा, बहुतेकदा तीही तेवढीच असते.

कुठला फोटो पाहून थांबायचं नाही, लगेच गाडी काढायची?

बाजूच्या फोटोत ल्युनेट कॅपिटेटखालून निसटून तळहाताकडे उलटं पडलेलं दिसलं, सांडलेल्या कपासारखं, तर तो अपघात तातडीचा आहे. किंवा ल्युनेट रेडियसवर आहे पण कॅपिटेट त्याच्या मागे बसलाय. पीए फोटोत दोन्ही ओळींच्या कडांच्या तीन गुळगुळीत कमानी तुटलेल्या आणि ल्युनेट चौकोनाऐवजी त्रिकोणी दिसतं. उंचावरून पडणाऱ्यांमध्ये, माडावरून किंवा आंब्यावरून, आणि महामार्गावरच्या दुचाकी अपघातांत हे पाहायला मिळतं. सूज भरपूर आणि "फ्रॅक्चर नाही" असल्याने चुकतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला बधिरपणा असेल तर मधली नस दाबली जातेय. त्याच दिवशी हाड जागेवर बसवायला हवं.

हाडवैद्याकडे बसवून घेतलं, आता बरं वाटतंय. फोटो लागेल का?

लागेल. पट्टा बांधून आराम दिल्यावर दुखणं कमी होतं, पण तुटलेलं स्कॅफोल्युनेट आवळून बसत नाही. आणि ताज्या दुखापतीत जोरात चोळून ओढणं टाळाच, अर्धवट फाटलेलं पूर्ण फाटू शकतं.

वेळेचं महत्त्व इथे आहे: तुटलेल्या लिगामेंटची टोकं जोडून टाके घालण्यासाठी पहिले चार ते सहा आठवडे चांगले. नंतर टोकं आक्रसतात आणि दुसरा टेंडन वापरून नव्याने बांधायची वेळ येते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर रेडियस आणि स्कॅफॉइड यांच्यात झीज सुरू होते, आधी रेडियसच्या अंगठ्याकडच्या टोकाला, मग संपूर्ण सांध्यात, शेवटी कॅपिटेट आणि ल्युनेटमध्ये. तोवर मोजायला फार काही उरत नाही.

एवढे फोटो, किरणांचा धोका?

मनगटाच्या एका एक्स-रेने साधारण ०.००१ मिलिसीव्हर्ट मिळतं, म्हणजे आपण निसर्गातून तीन-चार तासांत घेतो तेवढंच. सहा-आठ फोटो झाले तरी काळजीचं कारण नाही. गरोदर असल्यास सांगा, तेवढी खबरदारी घेऊनच काढतात.

दुर्बिणीने तपासणी सुचवली आहे. स्कॅन झाले, मग पुन्हा कशाला?

कारण दुर्बिणीतून लिगामेंटला हुकने ढकलून पाहता येतं, आणि अंतिम शब्द तिचाच. तिथे चार पायऱ्या असतात: पहिलीत फक्त रक्त साकळलेलं, चौथीत २.७ मिमीची दुर्बीण दोन हाडांमधून सहज आरपार जाते. स्कॅन मोजतं ते एका स्थितीतलं मनगट. दुर्बीण तपासते ती पकड.

रिपोर्टमध्ये किमान काय हवं?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर हे मागावं, आणि रुग्णाने निघण्यापूर्वी पाहून घ्यावं: दोन्ही मनगटांचं स्कॅफोल्युनेट अंतर मिमीमध्ये, विश्रांतीत आणि मूठ आवळून, स्कॅफोल्युनेट आणि कॅपिटेट-ल्युनेट कोन अंशांमध्ये, ल्युनेट कुठल्या बाजूला किती कललंय, रेडियसचा कल, तीन कमानी अखंड आहेत का, झीज आहे का. फोटो बरोबर कोनातून आला होता का हे एका वाक्यात. आणि डायकॉमची सीडी घेऊनच बाहेर पडा. सहा महिन्यांनी फरक पाहायचा तर फोटो पुन्हा त्याच पद्धतीने, शक्य तर त्याच मशीनवर.